निवडणुकीपलीकडची सत्ता

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दृष्टिकोन एकापाठोपाठ एक येतात: संस्थात्मक, वर्तनवादी, व्यवस्थावादी, मार्क्सवादी. आधी वैशिष्ट्ये, मग मर्यादा. विद्यार्थी ती पाठ करतो, पण ही मंडळी आपसांत कशावरून भांडत होती हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. ते भांडण समजून घ्यायचे तर सत्ता ही एकच संकल्पना हाती धरावी.

रॉबर्ट डाल यांचा अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरावरचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. शहर कोण चालवतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी शहराचा पुनर्विकास, शाळा आणि पक्षांची उमेदवारी यांबाबतचे निर्णय तपासले व प्रत्येक वेळी कोणाचा शब्द चालला ते पाहिले. सगळीकडे एकाच गटाची सरशी होताना दिसली नाही, म्हणून सत्ता विखुरलेली आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. मोघम आरोप नकोत, पुरावा दाखवा, हा वर्तनवादाचा आग्रह इथे फळाला आला. पण पुढच्याच वर्षी पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरट्झ यांनी मर्मावर बोट ठेवले: जे प्रश्न निर्णयापर्यंत पोहोचूच दिले जात नाहीत, त्यांची नोंद कोण घेणार? १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स त्याहून खोल गेले. माणसाला आपली स्थिती स्वाभाविक वाटू लागते आणि तो तक्रारच करत नाही, तिथे सत्तेचे काम सर्वांत पक्के झालेले असते, असे त्यांनी मांडले.

या वादाची कसोटी महाडला लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. केवळ निर्णय मोजणारा अभ्यासक अस्पृश्यांची बाजू जिंकली असेच लिहील. प्रत्यक्षात तळ्याचे पाणी घ्यायला १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांच्यामध्ये जे उभे होते, तीही सत्ताच. ती कोणत्याही सभेच्या मतदानात दिसत नव्हती.

भारतीय राज्यशास्त्राने बाहेरचे सिद्धान्त नुसते गिरवले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रजनी कोठारींनी १९६४ मध्ये ‘काँग्रेस व्यवस्था’ ही कल्पना मांडली. एकच पक्ष वरचढ असूनही त्याच्या पोटातल्या गटांमुळे स्पर्धा कशी जिवंत राहते, हे त्यांनी दाखवले. पाश्चात्त्य साच्यात न बसणाऱ्या वास्तवातून घडलेली ही अस्सल संकल्पना होती. पार्थ चटर्जींचा ‘राजकीय समाज’ही तसाच: पदपथावर, झोपडपट्टीत राहणारे लोक कायद्याच्या कडेला राहून सरकारशी वाटाघाटी कशा करतात, हे त्याने समजते. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी तर महाराष्ट्राच्या राजकारणाची गंभीर चिकित्सा मराठीतच केली.

तरीही आज आपली सगळी ताकद निवडणुकीवर खर्च होते. कोणत्या जातीने कोणाला मत दिले, हे सर्वेक्षणांमुळे आपल्याला पूर्वी कधी नव्हते इतके नेमके कळते. हे काम मोलाचे आहे, पण ते डाल यांच्याच वाटेने जाते: जे मोजता येते तेच दिसते. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये आणखी एक बोचरा प्रश्न उभा केला. सिद्धान्त मांडायचा मान काहींकडे आणि अनुभव पुरवायचे काम दलितांकडे, अशी वाटणी खुद्द सामाजिक शास्त्रांतच आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याचे समाधानकारक उत्तर विद्यापीठांनी अजून दिलेले नाही.

ग्रामसभेचे इतिवृत्त वाचणारा संशोधक मंजूर ठरावांची यादी आणतो. त्याच गावात वर्षभर राहून कोणता विषय कोणी काढलाच नाही, का काढला नाही, काढला असता तर शेतावरची मजुरी कोणाची बंद झाली असती, हे लिहिणारे प्रबंध मराठीत हवे आहेत. अशा कामाला वेळ लागतो. विद्यार्थ्याला तो वेळ आणि त्या काळात पोटापुरते पैसे देण्याची जबाबदारी विद्यापीठांनी घ्यायला हवी.