दोन दिवसांचे गाव

दिवाळी अंकात करंजी-चकलीइतकाच ठरलेला एक लेख असतो : बऱ्याच वर्षांनी गावी जाऊन आलेल्या लेखकाचा. आटलेली विहीर, पडका वाडा, डोळ्यांवर हात धरून पाहणारी आजी, आणि शेवटी ‘गाव आता पूर्वीचे राहिले नाही’ हा उसासा. हे लेख मी आवडीने वाचतो. परंतु मी राहतो व शिकवतो त्या सेलूसही (परभणीकडचे नव्हे, वर्धा जिल्ह्यातले) असे पाहुणे येतात; म्हणून ह्या लेखांकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याची मला सोय आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, तेव्हा समीक्षेची परिभाषा मजजवळ नाही. मी एवढेच विचारतो, की ह्या लेखात गाव कोठे आहे?

नागपूर-वर्धा वाटेवरच्या आमच्या गावात येणे आता सोपे झाले आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून दुरून मोटारीने येणाऱ्याचा वेळही वाचतो. पण वाचलेला वेळ गावाच्या वाट्याला येतोच असे नाही. पाहुणा जाताना पवनार आणि सेवाग्राम पाहून जातो, आणि लेखात सेलूपेक्षा त्यांनाच अधिक जागा मिळते.

दिवाळी हा आमच्याकडे कामाचा हंगाम. सोयाबीन नुकते निघालेले असते, कपाशी फुटू लागलेली असते. ‘सीतादही’ करून, म्हणजे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून, बायका वेचणीला लागतात. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटे ओरबाडतात. मजुरी किलोवर मिळते. पाहुण्याला त्या रानात चांदणे पडल्यासारखे वाटते. वाटू द्यावे, डोळे त्याचे आहेत. पण ते चांदणे काट्यावर किती भरले, ही वेचणारीची चिंता लेखात येत नाही. तिथे लेख कच्चा राहतो.

ह्यावर कोणी म्हणेल, दूर गेलेल्याने गावाविषयी लिहूच नये काय? अवश्य लिहावे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. कोकणातले घर तेथून किती दूर! तरीही त्या आईचे हात पानोपानी कामात गुंतलेले दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तर तर परकाच, पण वाडीची कामे अंगावर घेता घेता तो तिच्यातला होतो, आणि दुष्काळाने वाडी उठते तेव्हा हळहळ त्याच्या बालपणाची नसते, वाडीची असते. तेव्हा दोष अंतराचा नाही. स्वतःचे बालपण हरवले, त्यालाच गाव हरवले असे म्हणण्याचा आहे.

शिवाय पूर्वीचे गाव सर्वांचे सारखे गोड होते, हे तरी कोणी ठरवले? दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) मुंबईतला कावाखाना आणि गावातला महारवाडा ह्यांच्यामधली ये-जा सांगते. ते वाचल्यावर पडक्या वाड्यापाशी उसासा टाकताना जरा थांबावेसे वाटते. त्या वाड्याच्या ओट्यावर ज्यांना बसता येत नव्हते, त्यांनी कोणत्या गावासाठी झुरावे?

बोलीचेही तसेच. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडीत बोलते, आणि तिचे दुःख तिच्याच शब्दांत आपल्यापर्यंत पोचते. आमच्या पाहुण्यांच्या लेखातली म्हातारी मात्र पुस्तकी बोलते, नाही तर हसवण्यापुरती गावरान. खरी म्हातारी विचारते, ‘‘कवा आला रे बाप्पा? राह्यशीन ना चार रोज?’’ ह्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ नसते, म्हणून तो प्रश्नच लेखातून गळतो.

हे सारे मी इतके मनावर घेतो त्याचे कारण वर्गात आहे. ‘माझे गाव’ हा निबंध दिला की आमची मुले नारळी-पोफळी लिहितात, झुळझुळ वाहणारी नदी लिहितात. आदल्या रविवारी आईबरोबर कापूस वेचून आलेल्या मुलीच्या निबंधात कापूस नसतो. छापलेले गाव असेच असते, हे ती आपल्याकडूनच शिकलेली असते. आपले रान लिहिण्याजोगे नाही असे त्या मुलीला वाटावे, एवढी किंमत त्या उसाशासाठी फार झाली.

म्हणून मोठ्या लेखकांनाही मी तिच्या वहीत लिहितो तोच शेरा देईन : अक्षर चांगले, भाषा शुद्ध, तुझ्या गावातली माणसे दिवसभर काय करतात तेवढे राहिले आहे. ते लिहून पुन्हा दाखव.