घर्षण कमी म्हणजे झीज कमी?

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांतला घर्षणाचा धडा बहुधा एकाच साच्यातला असतो. दोन पृष्ठभागांवरचे खाचखळगे एकमेकांत अडकतात म्हणून घर्षण होते. पृष्ठभाग गुळगुळीत केला की ते कमी होते. तेल घातले की आणखी कमी होते. आणि घर्षण कमी झाले की यंत्राची झीजही कमी होते. मग कॅरमच्या पावडरीचे उदाहरण आणि ‘घर्षण : मित्र की शत्रू’ हा ठरलेला प्रश्न. पोलादावर पोलाद घासत असेल तर ही विधाने व्यवहारापुरती चालून जातात. एक भाग पोलादाचा आणि दुसरा प्लास्टिकचा असेल तर मात्र यांपैकी एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. टेबलफॅनची मान फिरवणारे दातेरी चक्र, सरकत्या खिडकीखालची नायलॉनची चाके, छापयंत्रातले दाते अशा जोड्या आज मुलांच्या रोजच्या पाहण्यात आहेत. धड्यात त्यांना जागा नाही, ही आमची पहिली तक्रार.

हिंगोली जिल्ह्यातल्या शिक्षकांना फार लांब जायला नको. गावोगावचा हापसाच घ्या. जालना आणि सोलापूर येथील पंपांच्या अनुभवातून १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा पंप आकाराला आला. त्याच्या डोक्यात, म्हणजे दांडा जिथे फिरतो तिथे, पोलादी बॉल बेअरिंग आणि साखळी असते. साखळीला ग्रीस लागते, आणि लावले नाही तर ती कुरकुरते. पण खाली बोअरमध्ये, पितळी अस्तराच्या सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या दट्ट्याच्या वॉशरला कोणी ग्रीस लावत नाही, लावूही नये. ते पिण्याचे पाणी आहे. तिथे पाणी हेच वंगण. हे वॉशर पूर्वी चामड्याचे असत, पुढे नायट्राइल रबराचे आले आणि ते जास्त टिकू लागले. एकाच यंत्रात दोन सांधे आणि दोघांचे नियम निराळे, असा हा धडा शाळेच्या दारात उभा असताना पुस्तक मात्र शिवणयंत्राच्या तेलाच्या पुढे जात नाही!

१९८०च्या दशकात आफ्रिकेत ‘आफ्रिदेव’ नावाचा हातपंप तयार झाला. त्याच्या दांड्याच्या सांध्यात बॉल बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश बसवले आहेत. एक बुश नायलॉनचे, दुसरे पॉलिअॅसिटलचे. तेल-ग्रीस लागत नाही आणि झिजले तर गावातच बदलता येते, ही त्यामागची दृष्टी. भर उन्हाळ्यात जिल्ह्याच्या गावाहून कारागीर येईपर्यंत हापसा बंद राहणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या साध्या बुशचे मोल सांगायला नको.

आता ‘घर्षण कमी म्हणजे झीज कमी’ या विधानाकडे वळू. आमच्या मते धड्यातली सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि ती किती महागात पडू शकते याचे उदाहरण वैद्यकशास्त्रात आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस खुब्याचा कृत्रिम सांधा बसवायला सुरुवात केली. पोलादी गोळा आणि त्याला बसणारी टेफ्लॉनची वाटी. टेफ्लॉनची निवड पुस्तकी नियमानुसार अगदी बिनचूक होती, कारण पोलादावर त्याचा घर्षणांक ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. इतके निसरडे घन पदार्थ फार थोडे. रुग्ण चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या आणि झिजलेल्या कणांनी भोवतालच्या ऊतींना दाह झाला. सुमारे तीनशे रुग्णांवर ही वेळ आली. १९६२मध्ये चार्नलींनी अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिएथिलीनची वाटी वापरली. तिचे घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त, पण झीज मात्र कितीतरी कमी, वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर. (हे दोन्ही पदार्थ शरीराला कितपत मानवतात हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. असा शास्त्रज्ञ मुलांना सांगितला तर धडा जन्मभर लक्षात राहील.)

असे का व्हावे? टेफ्लॉनचे लांब, सरळ रेणू एकमेकांवरून सहज घसरतात. घासताना त्याचा पातळ थर सुटतो व पोलादावर चिकटतो. मग प्लास्टिक पोलादावर नव्हे, प्लास्टिकवरच घासत राहते. घर्षण कमी होण्याचे कारण हेच आणि झिजण्याचे कारणही हेच. म्हणूनच यंत्रांसाठीच्या टेफ्लॉनमध्ये काचतंतू, कांस्याची पूड किंवा ग्रॅफाइट मिसळतात. घर्षण थोडे वाढले तरी झीज खूप घटते.

गुळगुळीतपणाचेही तसेच. पोलाद खडबडीत असेल तर ते कानशीसारखे प्लास्टिक खरवडते, हे खरे. पण आरशासारखे चकचकीत केले तर दोन्ही पृष्ठभाग फार जवळ येऊन चिकटू लागतात आणि तो उपयोगी थरही पोलादावर नीट धरत नाही. मधलाच एक गुळगुळीतपणा सोयीचा ठरतो. उष्णतेचा प्रश्न निराळाच आहे. नायलॉनमधून उष्णता पोलादाच्या तुलनेत शेकडो पटींनी सावकाश वाहते, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या सांध्यातली उष्णता अडकून पडते आणि प्लास्टिक मऊ होते. टेबलफॅनच्या चक्राला थोडे ग्रीस लावतात ते यासाठीही. तेव्हा ‘प्लास्टिकला तेल नको’ असा उलटा नियमही पाठ करून घेऊ नये. नायलॉन आणि पॉलिअॅसिटलला खनिज तेल चालते, नैसर्गिक रबर त्याने फुगते, तर पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला काही तेलांनी तडे जातात.

आणि धूळ. उन्हाळ्यात शेतरस्त्यांवर धुरळा उडतो, तेव्हा उघड्या सांध्यावर तेल घातले की त्यात धूळ चिकटून उगाळल्यासारखे होते. त्यातले सिलिकाचे कठीण कण मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसतात आणि मग पोलादाची पिनच घासली जाते. मऊ बुश शाबूत आणि कठीण पिन झिजलेली, हे कोडे वर्गात घालून पाहावे. ‘मऊ वस्तू झिजते, कठीण टिकते’ असे म्हणणारी मुले गप्प होतील.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. अशा वेधशाळांत आरसे काचेच्या बारीक तंतूंनी टांगतात, कारण आधारातले किंचित घर्षणही मोजमाप बिघडवते. निर्वात नळ्यांत तेला-ग्रीसचा मागमूसही चालत नाही. घर्षणाचा धडा शिकवताना हापसा आणि वेधशाळा एकाच फळ्यावर काढता येतील, असा जिल्हा आम्हांला तरी दुसरा ठाऊक नाही.

धडा बदलण्याची वाट पाहायची नसेल तर दोन प्रयोग करता येतात. पोलादी पत्र्यावर नायलॉन, पॉलिएथिलीन व टेफ्लॉनचा एकेक तुकडा ठेवून पत्रा हळूहळू तिरपा करावा. तुकडा घसरू लागतो त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे स्थितिक घर्षणांक : १७ अंशांना सुमारे ०.३, ६ अंशांना सुमारे ०.१. टेफ्लॉनचा तुकडा मिळणे कठीण नाही, नळजोडणीची पांढरी फीत पट्टीवर ताणून चिकटवली तरी भागते. दुसरा प्रयोग धीराचा. सायकलच्या आऱ्याचा तुकडा जुन्या बादलीच्या तीन तुकड्यांवर सारखाच दाब देऊन प्रत्येकी हजार वेळा पुढेमागे घासावा. एक तुकडा कोरडा, दुसऱ्यावर तेल, तिसऱ्यावर तेल आणि चाळलेली माती. मग खाचांची खोली भिंगाखाली ताडून पाहावी आणि आराही पाहायला विसरू नये. पहिल्या प्रयोगात घर्षण मोजले जाते, दुसऱ्यात झीज. दोन्ही नोंदी वहीच्या वेगवेगळ्या पानांवर लिहवून घ्याव्यात.