हाडाला हवी पोकळी

कोकणातल्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पांढरे, हलके, लांबट तुकडे वाहून येतात. हे म्हाकुलाच्या पाठीतलं कवच. आयुर्वेद त्याला समुद्रफेन म्हणतो. पाळलेल्या पोपटाला चोच घासायला तेच पिंजऱ्यात टांगतात. त्याच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असतो. पातळ थर एकावर एक रचलेले, मध्ये बारीक खांब, आणि दोन थरांतलं अंतर काही शंभर मायक्रॉनचं. कृत्रिम हाड बनवू पाहणाऱ्यांना नेमकी हीच रचना हवी असते.

हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा, आणि ते खनिज हायड्रॉक्सीॲपटाइटच्या कुळातलं, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. समुद्रातली कवचं मात्र कॅल्शियम कार्बोनेटची. एकाचं दुसरं करता येतं, आणि तेही मूळची रचना न मोडता, हे डेला रॉय आणि एस. के. लिनेहान यांनी १९७४ साली प्रवाळावर दाखवून दिलं. दाबाखाली, गरम फॉस्फेटच्या द्रावणात कार्बोनेट जातं, फॉस्फेट येतं आणि छिद्रं जागच्या जागी राहतात. पुढे या प्रवाळाच्या हाडाचे तुकडे बाजारातही आले. २००५ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी हीच क्रिया २०० अंश सेल्सिअसला म्हाकुलाच्या कवचावर केली.

आपल्याकडे प्रवाळाचा रस्ता बंद आहे आणि तो बंदच राहायला हवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या टरफलांना असा अडसर नाही. ती भाजून कोकणात चुना होतच आला. त्याच चुन्याच्या निवळीत फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडलं, द्रावण अल्कधर्मी राखलं, की हायड्रॉक्सीॲपटाइटचा साका बसतो. मात्र भाजताना टरफलाची घडण नाहीशी होते. त्यामुळे छिद्रं नव्याने करावी लागतात. स्पंज त्या साक्याच्या लगद्यात बुडवून भट्टीत घालतात; स्पंज जळून जातो आणि सिरॅमिकची जाळी मागे उरते.

या विद्येची खरी परीक्षा छिद्रांपाशीच आहे. हाड आत शिरायला छिद्र किमान शंभर मायक्रॉनचं हवं, हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. रक्तवाहिन्या नीट रुजायला तीनशेच्या पुढचं बरं. छिद्रं एकमेकांना जोडलेलीही हवीत, नाहीतर रक्त आतपर्यंत पोचत नाही. पण पोकळी वाढवली की ताकद घटते. आपल्या मांडीच्या हाडाचं घट्ट कवच शंभराहून अधिक मेगापास्कल दाब सोसतं. सच्छिद्र सिरॅमिक फार तर आतल्या जाळीदार हाडाची बरोबरी करतं आणि वाकवलं की तडकतं. पन्नास वर्षांत हा पेच सुटलेला नाही. म्हणून चालताना भार पडणाऱ्या मोठ्या पोकळीत सर्जन आजही रुग्णाच्याच कमरेचं हाड काढून बसवणं पसंत करतात.

जबड्यात मात्र हे सिरॅमिक आपली जागा मिळवून आहे. दात काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतली. खड्ड्यात दाणेदार सिरॅमिक भरलं तर ही झीज कमी होते. ती पूर्ण थांबत नाही. पुढे इम्प्लांट बसवायला हाड शिल्लक राहतं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे दुसरं सिरॅमिक लवकर विरघळतं आणि हायड्रॉक्सीॲपटाइट वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून दोन्ही मिसळून विरघळण्याचा वेग साधतात. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत शहाणी कल्पना हीच, कारण तिच्यात भराव नव्या हाडासाठी जागा सोडत जातो.

भारतात या विषयाला पाया आहे. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था यांनी या पदार्थांवर पुष्कळ काम केलं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली ऊतीपेढी १९८८ पासून दात्यांची हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक करून सर्जनांना पुरवते. टरफलांपासून हायड्रॉक्सीॲपटाइट केल्याचे शोधनिबंध मात्र अजूनही बहुतेक भुकटीच्या चाचणीवर थांबतात. दरवेळी नवं टरफल आणि तेच निष्कर्ष. प्राण्यांवर दीर्घकाळ पाहणी आणि मग रुग्णांवर चाचणी ही खर्चिक, कष्टाची वाट फार थोडे धरतात. समुद्राचं पाणी जड धातू वाहून आणतं, त्यामुळे प्रत्येक खेपेची शुद्धताही तपासावी लागेल. हे झाल्याशिवाय किनाऱ्यावरच्या टरफलांना औषधी किंमत येईल असं कोणी सांगू नये.

रुग्णासाठी एक गोष्ट आज, आत्ता महत्त्वाची आहे. दंतवैद्यांकडची हाडाची भुकटी चार प्रकारची असते: रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची, दात्याच्या हाडाची, गोवंशाच्या हाडातून सेंद्रिय भाग काढून केलेली आणि पूर्णपणे कृत्रिम. चारही वापरात आहेत, गुण वेगळे आहेत, किमतीही वेगळ्या. अनेकांच्या श्रद्धेचा आणि आहाराचाही त्याच्याशी संबंध येतो. खुर्चीवर बसण्याआधी भुकटी कशाची आहे ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.