‘पोकेमॉन’च्या स्पर्धात्मक युद्धातील बलवर्धन : एक चिकित्सक विचार

संगणकीय खेळांकडे मराठी समीक्षेने अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. मुलांचा वेळ वाया घालविणारी वस्तू एवढ्याच दृष्टीने अध्यापकवर्गात त्यांची चर्चा होते. तथापि नियम, निवड आणि परिणाम यांची सुसंगत रचना असलेली कोणतीही कृती अर्थ निर्माण करते, आणि म्हणून ती चिकित्सेस पात्र ठरते. प्रस्तुत लेखात ‘पोकेमॉन’ या जपानी खेळातील बलवर्धनाच्या डावपेचांचा विचार केला आहे.

सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून साकारलेला हा खेळ 1996 मध्ये जपानमध्ये ‘गेम बॉय’ या यंत्रावर प्रथम आला. बीडसारख्या जिल्ह्याच्या बाजारपेठेत हे यंत्र सहज मिळणारी वस्तू नव्हती. येथील मुलांना पोकेमॉनची ओळख झाली ती 2003 पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीतून दाखविल्या गेलेल्या मालिकेमुळे. या क्रमाचा एक परिणाम असा झाला की, खेळाआधी कथा आली. कथेतला अॅश हा मुलगा जिद्दीने, मैत्रीने आणि पुष्कळदा दैवाने जिंकतो. मूळ खेळात मात्र जिद्दीला कोणताही अंक नाही. तेथे आक्रमण, संरक्षण आणि वेग यांचे अंक असतात आणि जो ते नीट मोजतो तो जिंकतो. मालिका पाहून खेळाकडे वळलेल्या विद्यार्थ्याचा पहिला भ्रमनिरास येथेच होतो, आणि तो हितकारक आहे.

बलवर्धनाचा नियम साधा आहे. प्रत्येक गुण सहा पायऱ्या वर किंवा सहा पायऱ्या खाली जाऊ शकतो. पहिल्या पायरीवर आक्रमण दीडपट होते, दुसरीवर दुप्पट आणि सहावीवर चौपट. खाली सहाव्या पायरीवर ते एक चतुर्थांश उरते. ‘स्वोर्ड्स डान्स’ ही चाल आक्रमण एकदम दोन पायऱ्या चढविते. ‘ड्रॅगन डान्स’ आक्रमण व वेग प्रत्येकी एक पायरी वाढविते. परंतु या चालीसाठी एक खेळी खर्ची पडते, आणि त्या खेळीत प्रतिस्पर्धी प्रहार करीत असतो. हिशेब केला तर असे दिसते की, दुप्पट बळ घेतलेला योद्धा दुसऱ्या खेळीअखेर, न थांबता मारणाऱ्याच्या केवळ बरोबरीस येतो. खरा लाभ तिसऱ्या खेळीपासून सुरू होतो. दीडपट वाढीच्या बाबतीत ही बरोबरी तिसऱ्या खेळीअखेर होते. मग अनुभवी खेळाडू हा तोट्याचा वाटणारा मार्ग का पत्करतात? कारण या खेळात दोन अर्ध्या प्रहारांची किंमत एका पूर्ण प्रहाराइतकी नसते. एकाच घावात बाद झालेला शत्रू उलट वार करीत नाही. दोन घावांत बाद होणारा एकदा तरी करतो. बलवर्धनाचे मर्म बेरजेत नसून या उंबरठ्यात आहे. वेगवाढीचे महत्त्वही यातूनच कळते : आधी मारणारा आणि एका घावात मारणारा, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की समोरच्या संघाचे सहाही योद्धे ओळीने पडू शकतात.

या नियमाचे सर्वांत टोकाचे रूप म्हणजे ‘बेली ड्रम’. ही चाल योद्ध्याची निम्मी प्राणशक्ती घेते आणि आक्रमण थेट सहाव्या पायरीवर नेते. येथे परळीच्या वाचकाला रावणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. वैद्यनाथ ज्योतिर्लिंगाच्या स्थानाविषयी वाद असले तरी, आपली शिरे अर्पण करून शिवाला प्रसन्न करणाऱ्या रावणाची कथा या नावाशी निगडित आहे. शरीराचा अंश देऊन बळ मिळवायचे, आणि मिळालेल्या वरदानाला एक अट असायची, हा आकृतिबंध आपल्या पुराणांना नवा नाही. लिंग वाटेत भूमीवर ठेवायचे नाही ही रावणाला घातलेली अट. खेळातील अट अशी की, योद्धा मैदानातून बाहेर पडला की चढलेल्या सर्व पायऱ्या शून्यावर येतात. म्हणूनच शत्रूला बळेच माघारी धाडणारी ‘व्हर्लविंड’, सर्वांच्या पायऱ्या पुसून टाकणारी ‘हेझ’ आणि तयारीच करू न देणारी ‘टॉन्ट’ या चाली बलवर्धनाच्या उत्तरादाखल रचलेल्या आहेत. हे साम्य उसने घेतलेले आहे असे म्हणण्यास आधार नाही. तपश्चर्या आणि तिचा भंग हे कोणत्याही संस्कृतीला सुचावे असे कथाबीज आहे.

रचनाकारांचा तोल मात्र सर्वत्र सारखा राहिलेला नाही. 1999 मध्ये आलेल्या ‘बॅटन पास’मुळे एकाने मिळविलेल्या पायऱ्या दुसऱ्याकडे सोपविता येऊ लागल्या आणि मैदान सोडल्यास बळ जाते या अटीचा अर्थच संपला. एकेरी सामने खेळणाऱ्या संघटित खेळाडूंनी पुढे या चालीवर निर्बंध घातले. प्रहार चुकविण्याची शक्यता वाढविणाऱ्या ‘डबल टीम’लाही त्यांनी वर्ज्य ठरविले. दुसरा निर्णय अधिक विचारपूर्ण वाटतो. कारण तेथे प्रतिस्पर्ध्याचे कौशल्य निरर्थक होते आणि सामना फाशांवर जातो.

खेळाच्या मूल्यविचारावर खरा आक्षेप घ्यावयाचा तो निराळ्या ठिकाणी. बलवर्धनाची नीती आधी गुंतवणूक, मग फळ असे शिकविते. पण ती गुंतवणूक ज्याला एक खेळी मोकळी मिळते त्यालाच शक्य असते. बीड हा दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचा जिल्हा आहे. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग हंगामभर कोयत्याने ती फेडायची, हा येथील अनेक विद्यार्थ्यांच्या घरचा हिशेब आहे. हा क्रम बलवर्धनाच्या नेमका उलट आहे. खेळात त्याचेही प्रतिरूप आहे : ‘ओव्हरहीट’ आणि ‘ड्रॅको मीटिअर’ या चाली आरंभीच प्रचंड प्रहार देतात आणि त्याची किंमत म्हणून वापरणाऱ्याचे विशेष आक्रमण दोन पायऱ्या खाली आणतात. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की खेळातील योद्ध्याला माघारी बोलाविले की त्याची घट पुसली जाते. उचल अशी पुसली जात नाही. फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. प्रत्यक्ष जागांवर आधारलेला ‘पोकेमॉन गो’ डिसेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओच्या साहाय्याने भारतात आला आणि 2023 मध्ये त्यात हिंदीही आली. परंतु खेळाची साधने गोळा करण्याची ठिकाणे त्यात शहरांत दाट आणि खेड्यांत विरळ असतात. म्हणजे मोकळ्या खेळीचे वाटप युद्ध सुरू होण्यापूर्वीच विषम झालेले असते.

या आक्षेपाला खेळाच्या बाजूने एक उत्तर देता येते. अधिकृत स्पर्धा दुहेरी असतात. प्रत्येकाचे दोन योद्धे एकाच वेळी मैदानात उभे राहतात. त्यामुळे बळ वाढवू पाहणाऱ्यावर दोन शत्रू तुटून पडू शकतात आणि एकट्याने तयारी करणे जवळजवळ अशक्य होते. मोकळी खेळी येथे जोडीदाराकडून मिळवावी लागते. 2014 मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या पार्क से-जून यांनी पाचिरिसू या खारीसारख्या दुर्बळ प्राण्याला संघात घेऊन विजेतेपद मिळविले. स्पर्धकांच्या गणनेत ज्याला सहसा स्थान नव्हते असा हा प्राणी ‘फॉलो मी’ या चालीने शत्रूचे प्रहार स्वतःकडे ओढून घेत असे आणि शेजारचा बलवान साथी तेवढ्या अवधीत आपले काम करी. ज्या चालींचे एरवी कौतुक होते त्या सर्व मारणाऱ्याच्या आहेत. पाचिरिसूची चाल मार खाणाऱ्याची आहे, आणि शत्रूला बाद करणे हे त्याच्याकडे सोपविलेले कामच नव्हते.