उंची कोणाची, दाब कोणाचा?

आज आम्ही एका भागाकाराबद्दल बोलणार आहोत. मुलांच्या रक्तदाबावर संशोधन करताना सहा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच फूटपट्टीवर आणावे लागतात. त्यासाठी झेड स्कोअर काढतात. म्हणजे काय, तर मोजलेल्या दाबातून त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि उंचीच्या मुलांचा सरासरी दाब वजा करायचा आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागायचं. गणितात खोट नाही. आमची तक्रार आहे ती त्यातल्या उंचीबद्दल.

शहापूर-मुरबाडकडच्या आश्रमशाळेतली दहा वर्षांची एक मुलगी समजा. वरचा दाब ११२. अमेरिकेत २००४ साली जे सूत्र प्रसिद्ध झालं, त्यात मध्यम उंचीच्या दहा वर्षांच्या मुलीचा सरासरी दाब १०२ धरतात, विचलन साधारण साडेदहा. पण आपली मुलगी ठेंगणी. अमेरिकन तक्त्यावर तिच्या उंचीचा स्कोअर उणे दोन आला, तर अपेक्षित दाब ९८ वर उतरतो आणि दाबाचा स्कोअर होतो १.३१. नव्वदाव्या शतमकाची रेघ आहे १.२८ वर. झाला दाब 'वाढलेला'! आता तीच उंची भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर पाहा. तिथे समजा उणे दीड आली, तर दाबाचा स्कोअर १.२३. मुलगी ठीक. दंड तोच, मोजलेला दाबही तोच.

दुसरा हिशेब बरोबर, असंही आम्ही म्हणत नाही हं. उंची भारतीय तक्त्याची आणि दाब अमेरिकन मुलांचा, ही खिचडीच झाली.

खरी अडचण पुढे आहे. सूत्र ठेंगण्या मुलीकडून कमी दाबाची अपेक्षा करतं, कारण ज्या मुलांवरून ते बांधलं त्यांच्यात तसं दिसलं. वीटभट्ट्यांवर आईबापांमागे फिरलेल्या कातकरी पोरीची उंची उपासमारीने खुंटलेली असू शकते. तिच्या शरीरात उंची आणि दाबाचं नातं तेच असेल, हे कोणी ठरवलं? ते तसं नसेल, तर 'खुंटलेल्या मुलांचा दाब जास्त' या निष्कर्षातला काही भाग सूत्रानेच आत घातलेला असतो. संशोधक तो शोध म्हणून बाहेर काढतो.

वयाचं तर विचारूच नका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर कितीकांचा जन्म १ जूनचा असतो! वय चुकलं की उंचीचा स्कोअरही चुकतो, आणि उत्तर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत.

म्हणून आम्ही अशा निबंधात आधी तळटीप शोधतो. कोणता तक्ता, कोणतं सूत्र, वय कसं ठरवलं, बारीक दंडाला लहान पट्टा लावला होता का? मोठा पट्टा दाब कमी दाखवतो. आणि मूळ दाब मिलिमीटर पाऱ्यात छापलाय का? तो छापलेला असला, तर उद्या कोणी आपल्या मुलांवरून नवं सूत्र बांधलं तरी त्या मुलीचा हिशेब पुन्हा मांडता येईल. नुसता १.३१ छापला असेल, तर तो आपल्याला उलगडताही येणार नाही.