नलकूप आणि न विचारलेला प्रश्न

पाण्याचे प्रश्न जागतिक आहेत, म्हणून त्यांवरील संशोधनही आंतरराष्ट्रीय असावे, हे मत आज इतके रूढ झाले आहे की त्याची परीक्षा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. बांगलादेशातील आर्सेनिकविषयक संशोधन हे अशा परीक्षेचे उत्तम साधन होय.

1970 नंतरच्या काळात युनिसेफ आदी संस्थांच्या साहाय्याने त्या देशात नलकूपांचा मोठा प्रसार झाला. तळ्यांच्या दूषित पाण्याने होणारे पटकी, अतिसार इत्यादी रोग टळावेत, हा हेतू निःसंशय स्तुत्य होता. तथापि, जंतूंची चिंता वाहणाऱ्यांनी भूस्तरातील विषाची चिंता वाहिली नाही. पश्चिम बंगालमध्ये 1983 च्या सुमारासच नलकूपांच्या पाण्याने आर्सेनिकबाधा झालेले रुग्ण ओळखले गेले होते. आणि गंगेच्या गाळाचे थर राजकीय सीमेपाशी थांबत नाहीत. असे असता, 1992 साली ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशात केलेल्या पाहणीत आर्सेनिकची तपासणी झाली नाही. पाणी पिणाऱ्यांविषयी त्या संस्थेवर कायदेशीर दायित्व येत नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने 2006 साली दिला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. विद्याव्यवहाराच्या जबाबदारीचा मात्र मिटला असे म्हणता येत नाही.

याच संस्थेने बांगलादेश शासनाच्या सहकार्याने पुढे केलेली पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तीत 3,534 नलकूप तपासले गेले व 150 मीटरांहून उथळ नलकूपांपैकी 27 टक्क्यांत आर्सेनिक दर लिटरला 50 मायक्रोग्रॅम या राष्ट्रीय मर्यादेपलीकडे आढळले. सेंद्रिय द्रव्यामुळे प्राणवायुविरहित झालेल्या गाळात लोहाची संयुगे विरघळतात व त्यांस चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते, ही उपपत्तीही विविध देशांच्या अभ्यासकांच्या वादविवादातूनच दृढ झाली.

परंतु कारण कळले म्हणून विहीर कळली असे होत नाही. एका अंगणातील नलकूप विषारी, तर शेजारचा निर्धोक, अशी तेथील स्थिती आहे. तेव्हा नकाशा कितीही सूक्ष्म असला तरी गृहिणीच्या प्रश्नास तो उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर 2003 पर्यंत सुमारे 50 लाख नलकूप तपासून त्यांस लाल वा हिरवा रंग देणाऱ्या मोहिमेने दिले, आणि त्यामुळे अनेक कुटुंबे शेजारच्या निर्धोक नलकूपाकडे वळली. पुढे रंग पुसट झाले, नवे नलकूप खोदले गेले, आणि त्यांतील कित्येकांची तपासणी झालीच नाही. दरम्यान शोधनिबंधांची संख्या मात्र वाढतच गेली.

सारांश, आंतरराष्ट्रीय संशोधनाने येथे उपकार केले, तसाच अपराधही केला. शेजारी काय ठाऊक आहे हे आधी विचारणे आणि निष्कर्ष प्रत्येक नलकूपापर्यंत, तोही पुनःपुन्हा, पोहोचविणे, या दोन कसोट्यांस जे संशोधन उतरत नाही, त्याची विद्वत्ता मान्य करूनही त्यास अपुरेच म्हणावे लागेल.