फुलदाणीतले कणीस

पूर्व आणि पश्चिम यांच्या संगमाचे उदाहरण म्हणून ज्युझेप्पे कास्तिल्योनेच्या पुष्पचित्रांकडे कलासमीक्षक बोट दाखवतात. १६८८ साली मिलानमध्ये जन्मलेला हा जेझुइट चित्रकार १७१५ मध्ये चीनला गेला, 'लांग शिनिंग' झाला आणि १७६६ मध्ये मरेपर्यंत तीन सम्राटांच्या पदरी चित्रे काढीत राहिला.

त्याचे १७२३ चे एक चित्र घेऊ. शीर्षकाचा अर्थ 'शुभचिन्हांचा मेळा'. रेशमी पटावर फिकट हिरव्या चकाकीची फुलदाणी. तिच्यात जोडकमळे आणि एका ताटाला एकाहून अधिक कणसे धरलेले धान्य. पार्श्वभूमी मोकळी, प्रत्येक वस्तूला ठरलेला शुभ अर्थ, हे चिनी. फुलदाणीच्या पोटावरचा उजेड आणि पाकळीची गोलाई, हे युरोपीय. ती फुलदाणी हातात घ्यावीशी वाटते, हे मी नाकारीत नाही.

पण हा संगम झाला कुठे? दरबारात. योंगझेंग सम्राट नुकताच गादीवर आला होता. त्याच्या राज्याला निसर्गाचा कौल आहे, हे चित्राने सांगायचे होते. चित्रावरच्या लेखात चित्रकार स्वतःला सेवक म्हणवतो. धान्य रानातले, कमळे राजवाड्याच्या तळ्यातली, असेही नोंदवतो. रानातले कणीस फुलदाणीत आले. ते पिकवणारा चौकटीबाहेर राहिला. त्याच्या घामाचे श्रेय सम्राटाच्या पुण्याईला गेले.

हे चित्र पाहताना मला त्याच १७२३ सालची दुसरी गोष्ट आठवते. चीनमध्येही जन्माने हीन ठरवलेली माणसे होती. शान्शी प्रांतात गाण्याबजावण्याची पिढीजात चाकरी करणारे 'युएहू' होते. झेजियांगमध्ये लग्नमर्तिकांची कामे करणारे 'दुओमिन' होते. त्यांचा हीन दर्जा याच सम्राटाने त्या वर्षी हुकमाने काढून टाकला. कागदावरचा कलंक पुसला. लोकांच्या मनातला विसाव्या शतकातही पुरता गेला नाही. पुढे १७७१ मध्ये नियम झाला की, दर्जा बदलल्याची नोंद केल्यापासून चौथ्या पिढीलाच राजसेवेच्या परीक्षेला बसता येईल. माझ्या आजोबांनी गावकीची कामे सोडली. त्या हिशेबाने परीक्षेचा पहिला अर्ज माझ्या मुलाने भरायचा! आज मी महाविद्यालयात शिकवतो तो पिढ्या मोजणाऱ्या असल्या दयेमुळे नव्हे, हक्कामुळे.

कास्तिल्योनेला मी दोष देत नाही. तोही हुकमाचा चाकर होता. दोष कलावादी समीक्षेचा आहे. दोन शैलींचा मेळ गौरवताना तिने विचारले पाहिजे, की तो कोणाच्या महालात आणि कोणाच्या कष्टावर झाला? त्या वेळी कोणती माणसे कोणाच्या शेजारी बसू शकत नव्हती? या प्रश्नांनी चित्राचे सौंदर्य उणावत नाही. कमळावरच खिळून राहिलेली आपली नजर कणसाकडे आणि ते पिकवणाऱ्याकडे वळते. एवढे तरी समीक्षेने करावे.